मोठा ब्रेक, लहान चाक

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
४ नोव्हेंबर २०२५

लिओनार्डभावजी,

काल फोनवर आपलं जे झालं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. मी घसा फोडून सांगत होते, "ब्रेकची थाळी मोठी आहे," आणि तुम्ही तिकडून विचारत होतात, "जेवायला किती जण?" समोरच्या हेमालीबेन दार उघडून बघायला आल्या, घरात भांडण झालं की काय म्हणून. आता मी घरात एकटी, भांडणार कोणाशी?

म्हणून हे पत्र. तुमच्या तारोडीची सुलू मंगळवारी आणि शुक्रवारी मासे घेऊन आमच्याकडे येते, तिच्या टोपलीतून पाठवतेय. तुमच्या सुनेच्या, जोआनच्या मोबाइलवर पाठवलं असतं, पण मागे मी गुडघ्याचा एक्स-रे डॉक्टरांना म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. अठ्ठावीस जणांनी हात जोडले आणि दोघांनी 'हॅपी बर्थडे' म्हटलं. तेव्हापासून महत्त्वाचं सगळं कागदावर.

विषय यांच्या फियाटचा आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, सहा वर्षांपूर्वी यांनी तुम्हाला न विचारता कुठल्याशा गॅरेजमधून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून आणले. जीपसारख्या कुठल्या तरी मोठ्या गाडीचे. ते ब्रेक फियाटच्या चौदा इंची चाकांत मावेनात, म्हणून चाकंही मोठी, सोळा इंची घातली. ब्रेक छान लागतो, पण स्टेअरिंग वळवायचं म्हणजे उसाचा चरक फिरवायचा. त्यात गेटपाशी वळताना टायर मडगार्डला घासतो आणि गाडी म्हशीसारखी हंबरते. हे म्हणायचे, "तेवढाच व्यायाम."

यांना जाऊन दोन वर्षं झाली. गाडी उभी आहे. आता सोसायटीने ठराव केलाय: जी गाडी ३१ जानेवारीपर्यंत स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर जाऊन परत येणार नाही, ती भंगार समजून हलवली जाईल. सेक्रेटरी अल्पेशभाईंनी स्वतः नोटीस आणून दिली. आमचा निकेत बंगलोरहून म्हणतो, "आई, देऊन टाकू." त्याने गिऱ्हाईकही शोधलंय. यतीन म्हणून कोणी आहे, तुमच्या उत्तनकडेच हॉटेल काढतोय. तो गाडी मधोमध कापणार, पुढचा अर्धा भाग भिंतीत बसवणार आणि बॉनेटचं टेबल करणार. बॉनेटवर ठेवून लोक मंचुरियन खाणार, भावजी!

जुनी चौदा इंची चाकं माळ्यावर आहेत. मला तीच परत हवीत, म्हणजे स्टेअरिंग हलकं होईल. पण जुने ड्रमचे ब्रेक नकोत, डिस्कच हवेत. ब्रेक लहान करता येतो का? चाकाला ब्रेक मावत नसेल, तर ब्रेकने अंग चोरायला काय हरकत आहे?

लुईझावहिनींना नमस्कार.

उर्मिला घरत


तारोडी
९ नोव्हेंबर

उर्मिलावहिनी,

पत्र पोचलं. त्याला सुरमईचा वास होता. म्हणजे सुलूने तुम्हाला मान दिलाय, माझी पत्रं ती मांदेलीत घालते.

जयकुमारने मला विचारलं असतं, तर मी तेव्हाच सांगितलं असतं की ब्रेकसाठी चाक बदलणं म्हणजे टोपी बसत नाही म्हणून डोकं बदलणं. पण माझा दोस्त तसाच होता. असो, आता तो वर गेलाय, तिथे तरी त्याला उतार लागू नयेत.

काम होण्यासारखं आहे. समजून घ्या. चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटा पकडतो, तो कॅलिपर. चिमटा थाळीच्या कडेवर बसलेला असतो, म्हणून थाळी जेवढी मोठी तेवढा तो बाहेर येतो आणि लहान चाकाच्या रिमला आतून लागतो. तेव्हा थाळी लेथवर लावून तिचा घेर कमी करायचा आणि चिमटा ज्या ब्रॅकेटवर बसतो ते नवीन बनवून त्याला आत घ्यायचं. थाळी लहान झाली की ब्रेकचा जोर थोडा कमी होतो, पण चाकही लहान होतंय, म्हणून चालतं.

ऐकायला सोपं आहे. पण अर्धा मिलीमीटर इकडचा तिकडे झाला, तर आपण नंतर थेट सेमेटरीत भेटू. म्हणून असलं काम गल्लीतल्या कोणाला देऊ नका. पंचेचाळीस वर्षं लेथवर काढली आहेत मी. कान गेले, पण हात अजून घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा आहे.

दोन्ही थाळ्या, कॅलिपर आणि ब्रॅकेट काढून पाठवा. सोबत एक जुनं चाक. आणि चालवणाऱ्याचं वजन आणि उंची कळवा. पेडलवर पाय किती जोरात पडणार ते मला पाहिजे.

तुमचा,
लिओनार्ड मुनीस

ता.क. बॉनेटवर मंचुरियन? लुईझाने हे ऐकून क्रॉस केला.


जेसल पार्क
२१ नोव्हेंबर

भावजी,

पेणकरपाड्याचा काशीनाथ मेकॅनिक येऊन सगळं खोलून गेला. गाडी आता पुढून विटांवर उभी आहे. अल्पेशभाईंनी लगेच फोटो काढला. "बेन, आ तो बेसी गई," म्हणाले. मग मला समजावं म्हणून हिंदीत, "पहले चलती नहीं थी, अब तो खड़ी भी नहीं है." मी म्हटलं, "अभी टाइम है." ते म्हणाले, "फोटो तो रेकॉर्ड के लिए लिया." त्यांच्या रेकॉर्डमध्ये माझा वाळत घातलेला गाऊनही आलाय, ते मात्र मी सांगितलं नाही.

चाक आणि कॅलिपर काशीनाथ स्कूटरवर घेऊन येईल. थाळ्या सुलूने दोन फेऱ्यांत नेल्या, बर्फाखाली घालून. वाटेत एका बाईने बिडाचा तवा समजून भाव विचारला म्हणे. सुलू मला म्हणते, "बाय, तुज्यापायी माज्या टोपलीत मासा हाय का न्हाय, तेच लोकांना समजना."

चालवणाऱ्या व्यक्तीचं वजन चौसष्ट किलो. उंची पाच फूट एक इंच. पायात छत्तीस नंबरची चप्पल. सीट पूर्ण पुढे ओढून पाठीशी एक उशी लागते. डाव्या गुडघ्याला पट्टा असतो, पण ब्रेक उजव्या पायाने मारायचा असल्यामुळे तुम्ही काळजी करू नये.

उर्मिला


तारोडी
३० नोव्हेंबर

वहिनी,

निकेतचं वाचून वाईट वाटलं. बंगलोरला गेलेल्या मुलांचे केस जातात हे ऐकून होतो, उंची जाते हे नवीनच. आमच्या चर्चच्या सणाला, फेस्ताला, आला होता तेव्हा चांगला पावणेसहा फूट होता. कॉम्प्युटरसमोर वाकून बसू नकोस म्हणावं. आणि या वयात गुडघ्याला पट्टा? लग्नाचं बघताय, तर मुलीकडच्यांना आधीच सांगा.

कामाचं. थाळी २७० मिलीमीटरची आहे. जुन्या चाकात मावायला ती २३८ केली पाहिजे, म्हणजे बत्तीस मिलीमीटर कमी. तेवढाच कॅलिपर आत. ब्रॅकेटचं ड्रॉइंग मी केलंय, उद्यापासून लोखंडाला हात लावतो. ड्रॉइंगची एक प्रत सोबत आहे. रेघा जरा हललेल्या वाटतील, बाजूच्या रस्त्यावरून डंपर जात होते.

पहिल्या चाकाचं सामान तयार झालं की पाठवीन. काशीनाथ ते बसवेल. मग तुम्ही एक काम करायचं. मऊ कणीक मळा. कॅलिपरच्या बाहेरच्या अंगाला तिचे छोटे गोळे चिकटवा, वर चाक चढवा आणि हाताने सावकाश एक फेरी फिरवा. चाक उतरवून बघा, कणीक कुठे किती चेपली गेली. तिची जाडी म्हणजे रिम आणि कॅलिपरमधली मोकळी जागा. तीन मिलीमीटरच्या खाली असेल तर मला कळवा. एवढाच खडा अडकला तरी चाक ओरखडतं.

गव्हाचीच कणीक घ्या. मैदा ताणला जातो.

लिओनार्ड


तारोडी
२ डिसेंबर

उर्मिला आंटी,

मी जोआन, मेल्विनची बायको. हे पत्र मी सुलूमावशीला स्टॉपवर वेगळं दिलंय, डॅडींना माहीत नाही. कृपा करून त्यांना कळू देऊ नका.

डॅडींचा हात दीड वर्षापासून थरथरतो. रस्त्यावरून डंपर वगैरे जात नाहीत, आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही. लेथ मी चालवते. लग्नाआधी मी आयटीआय करून भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात सहा वर्षं टर्नर होते. डॅडी स्टुलावर बसून हुकूम सोडतात आणि गिऱ्हाईक आलं की मी बाजूला होऊन चहा आणते. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा हात काय साफ आहे अजून. मला त्याचं काही नाही. मेल्विन बोटीवर असतो, मम्मींचं चर्चमध्ये जाणं-येणं चालू असतं, डॅडींना हा एक स्टूलच उरलाय.

पण या वेळी गप्प बसता आलं नाही. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये ब्रॅकेट बत्तीस मिलीमीटर आत आहे. थाळीचा पूर्ण व्यास बत्तीसने कमी होतो, म्हणजे एका बाजूने सोळाच. कॅलिपर एकाच बाजूला बसतो, तेव्हा तोही सोळाच आत यायला पाहिजे. बत्तीस केलं असतं तर थाळी चिमट्यातच अडकली असती आणि चाक चढलंच नसतं. डॅडींनी अशी चूक आयुष्यात केलेली नाही. मी काही न बोलता सोळाचं ब्रॅकेट केलंय. त्यांनी तुम्हाला पाठवलेलं ड्रॉइंग काशीनाथच्या हाती पडू देऊ नका.

आणखी एक विचारू? निकेत मला फेसबुकवर दिसतो. त्याची उंची आहे तेवढीच आहे. मग छत्तीस नंबरची चप्पल कोणाची?

जोआन


जेसल पार्क
१२ डिसेंबर

प्रिय जोआन,

ड्रॉइंग मी तांदळाच्या डब्यात ठेवलंय, वर तांदूळ ओतून. काशीनाथला सामान तेवढं दिलं. "किसने बनाया? एकदम कंपनी का माल लगता है," असं तो मला हिंदीत म्हणाला. तो मूळचा मराठीच, पण कौतुक करायचं असलं की हिंदीत शिरतो. मी म्हटलं, "मुनीसनी." खोटं नाही ना? तूही मुनीसच.

चप्पल माझी आहे.

एकतीस वर्षं मी त्या गाडीत डाव्या बाजूला बसले. यांनी चाळीतल्या सहा जणांना गाडी शिकवली, दूधवाल्यालासुद्धा. मी म्हटलं की म्हणायचे, "तुला कशाला? मी आहे ना." आता ते नाहीत. मार्चमध्ये मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. निकेतला सांगितलं, भजनाला जाते. टेस्टला दोनदा नापास झाले. एकदा इन्स्पेक्टरने "गाडी बंद करा" म्हटल्यावर मी उतरून दार बंद केलं. तिसऱ्यांदा पास. लायसन्स देव्हाऱ्यात ठेवलंय, कारण आमच्या घरात ती एकच जागा निकेत स्वतःहून उघडत नाही.

ड्रमचे ब्रेक का नकोत, तेही तुलाच सांगते. मला ब्रेकची भीती वाटते. ब्रेक लागेल ना, याची. लोकांना वेगाची वाटते, मला न थांबण्याची. डिस्कचा ब्रेक लागला की पोटात समजतं, लागला.

आता कणकेचं. सकाळच्या पोळ्यांतली थोडी बाजूला ठेवून खाली गेले. सहा गोळे चिकटवले, काशीनाथने चाक चढवलं, मी फिरवलं. एवढ्यात हेमालीबेन. "उर्मिलाबेन, गाडी को रोटी?" त्यांना वाटलं आमच्यात गाडीलाही नैवेद्य असतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या स्कूटरला हळदकुंकू लावलं.

पाच गोळे साडेतीन मिलीमीटरचे निघाले. सहावा, वरच्या कोपऱ्यावरचा, एक. काशीनाथ म्हणतो, कॅलिपरचा कोपरा घासून टाकू. घासू का?

तुझी,
उर्मिला आंटी


तारोडी
२९ डिसेंबर

उर्मिलावहिनी,

कॅलिपर घासू नका! त्याच्या अंगात ब्रेकच्या तेलाचा दाब असतो, तिथून लोखंड काढलं तर कधीतरी भेग पडेल. थाळी आणखी चार मिलीमीटर कमी करायची आणि ब्रॅकेट दोनने आत. चारला दोन. म्हणजे बत्तीसला सोळा.

होय, मला कळलं. तुमचं पत्र जोआनच्या एप्रनच्या खिशात राहिलं आणि लुईझाने ते एप्रनसकट धुतलं. वाळत घातलेला कागद मी वाचला. शाई पसरली होती, पण 'कॅलिपरचा कोपरा घासून टाकू' हे स्पष्ट दिसलं, आणि कॅलिपरबद्दल माझ्या सुनेला कोणी का विचारावं ते मला समजेना. मग मी दुसऱ्या चाकाचं ब्रॅकेट घेऊन मोजलं. सोळा. ड्रॉइंग काढलं. बत्तीस.

वहिनी, घरात नाताळच्या नेवऱ्या, कलकल, सगळा फराळ होता, मी शिवलो नाही. रागावलो नव्हतो. लाज वाटली. मी तिला विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "डॅडी, तुम्ही ऐकलं नसतं." कान गेल्यामुळे की स्वभावामुळे, ते तिने सांगितलं नाही.

तर खरं हे आहे: थाळ्या जोआनने लेथवर खराडल्या. सगळं तिनेच केलं. मी स्टुलावर होतो.

आता दुसरं. चप्पल कोणाची, तेही त्या कागदावर दिसलं. सुलूला विचारलं तर ती म्हणाली, "बायनी लायसन काडलाय, तुमाला ठावं न्हाय?" उत्तनमध्ये मलाच फक्त ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या चाकाचं सामान तयार आहे, पण ते मी पाठवणार नाही. तुम्ही बासष्ट वर्षांच्या. त्या गाडीचा गिअर स्टेअरिंगला आहे, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीसारखा खाली नाही. काही झालं तर मी जयकुमारला काय तोंड दाखवू? निकेतला बोलवा, तो चालवू दे.

माफ करा.
लिओनार्ड


जेसल पार्क
३ जानेवारी २०२६

लिओनार्डभावजी,

माझं वय एकसष्ट आहे.

निकेत येतोय, ३१ तारखेला. यतीनला आणि टोइंगची गाडी घेऊन येतोय. तो चालवायला येत नाही, न्यायला येतोय.

यांना तोंड दाखवायची काळजी तुम्ही करू नका. माझी पाळी बहुतेक तुमच्या आधी येईल, मी समजावीन त्यांना.

तुमच्या सुनेने जे केलं ते तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही तिलाही स्टुलावर बसवून स्वतः चुकीचं ब्रॅकेट केलं असतं. म्हणून आम्ही बायका सांगत नाही. लपवायची हौस म्हणून नाही.

सामान पाठवा.

उर्मिला


तारोडी
८ जानेवारी

उर्मिलावहिनी,

हे पत्र मी सांगतोय आणि जोआन लिहितेय. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. एकच गोष्ट राहिली आहे. ती मी जयकुमारला शब्द दिला म्हणून सहा वर्षं पोटात ठेवली.

तुम्हाला आठवत असेल, एकदा तो इथून दोन गोण्या सुके बोंबील घेऊन आला होता. स्वस्तात मिळाले म्हणाला होता. ते स्वस्तात मिळाले नव्हते. डोंगरीच्या उतारावर त्याची गाडी थांबली नाही. चार वर्षं त्याने ब्रेकचे लायनर बदलले नव्हते. गाडी सरळ खाली, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगेत. कोणी तिथे नव्हतं, देवाची कृपा. गाडी थांबली तेव्हा आरशावर, वायपरवर, सगळीकडे बोंबील लटकत होते. ज्या बाईचे ते होते, ती त्याला म्हणाली, "आता हे तूच ने." म्हणून दोन गोण्या.

तो माझ्याकडे आला आणि अर्धा तास वायपरमधले बोंबील काढत बसला. म्हणाला, "बाजूला उर्मिला असती तर?" तुम्ही त्या दिवशी माहेरी होतात. महिन्याभरात त्याने डिस्क ब्रेक बसवून घेतले. मला विचारलं नाही, कारण मी कारण विचारलं असतं आणि त्याला ते पुन्हा सांगावं लागलं असतं.

तुम्हाला तो गाडी देत नव्हता, ती भीती त्याची स्वतःची होती. निदान शेवटची काही वर्षं तरी. आधीची सत्तावीस वर्षं मात्र तो नुसता हट्टी होता, त्याची बाजू मी घेणार नाही.

सामान पाठवतोय. पहिली थाळी सुलूने परत आणली होती, जोआनने दोन्ही पुन्हा लेथवर लावल्या, आता २३४. पहिल्या चाकाचंही नवीन ब्रॅकेट आहे. दोन्हीकडे कणीक लावून बघा. नंतर ब्रेकमधली हवा काशीनाथकडून नीट काढून घ्या. चिमट्यातले नवीन पॅड थाळीवर नीट बसायला वेळ लागतो, तेव्हा आधी हळू चालवून पन्नास वेळा थांबा. मोजून पन्नास.

लिओनार्ड

आंटी, आता मी माझं लिहिते. डॅडींनी काल एका गिऱ्हाइकासमोर मला हाक मारून सांगितलं, "स्टूल मला दे आणि तू मशीनवर ये." गिऱ्हाईक चहाची वाट बघत राहिलं. शेवटी डॅडींनीच केला. गोड फार झाला. — जोआन


जेसल पार्क
१ फेब्रुवारी

लिओनार्डभावजी आणि जोआन,

तुम्ही दोघांनी हे एकत्र वाचा. भावजींना मोठ्याने वाचून दाखव, जोआन.

बोंबलांचं पत्र मी चार वेळा वाचलं. तीन महिने आम्ही बोंबलाची चटणी खाल्ली होती आणि हे प्रत्येक घासाला "छान झालीय" म्हणायचे. आधी हसू आलं. मग यांचा असा राग आला की फोटोचा हार काढून ठेवला. संध्याकाळी परत घातला.

कणीक दोन्ही चाकांवर कुठेही तीनच्या खाली आली नाही. अल्पेशभाई संक्रांतीला, त्यांच्या उतराणला, गावी गेले होते, तेवढ्यात मी आणि काशीनाथने चौपाटीच्या रस्त्यावर पन्नास वेळा थांबून घेतलं. तिथे पहाटे फिरायला येणारे एक आजोबा शेवटी म्हणाले, "बाई, तुम्हाला उतरायचंय की नाही?"

काल सकाळी दहाला निकेत आला. मागून यतीन आणि टोइंगची गाडी. कमिटीचे पाच जण हजर. निकेत चाकांकडे बघत म्हणाला, "आई, ही जुनी चाकं कोणी लावली? आणि आता चालवणार कोण? काशीनाथ?" साडीवर स्पोर्ट्स शूज घातले होते, ते त्याने तेव्हाच बघायला हवे होते. उजव्या बाजूचं दार उघडून बसले. उशी लावली. त्याचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. "आई, तू भजनाला जायचीस ना?" मी म्हटलं, "तिथे हेही शिकवतात."

पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. स्टेअरिंग, भावजी, एका हाताने वळलं. घासलं नाही, हंबरलं नाही. मी गेटकडे निघाले आणि अल्पेशभाई रेकॉर्डसाठी मोबाइल धरून माझ्यापुढे उलटे चालायला लागले. गेटपाशी उतार आहे, त्यांना मागे तो दिसला नाही. पाय मुरगळला आणि ते बसले. खाली, अगदी रस्त्याच्या मध्ये. माझ्या समोर.

मी विचार केला नाही. पाय पडला. गाडी अशी थांबली की मागच्या सीटवरची माझी पर्स पुढे आली. दार उघडून बघितलं तर बंपर आणि अल्पेशभाई यांच्यात एक वीत होती. काशीनाथने नंतर ती खरंच वीत लावून मोजली. अल्पेशभाई बसल्या जागेवरून, मोबाइल तसाच धरून म्हणाले, "ब्रेक पण पास." मग ते उठले, पँट झटकली आणि कमिटीला म्हणाले, "लिखो, गाड़ी चालू हालत में है. मैंने खुद देखा. बहुत नज़दीक से देखा."

यतीन सगळ्यांच्या मागे उभा होता. माणूस वाईट नाही. वाकून चाकाच्या आत बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, हे काम कोणाचं? माझ्याकडे वडिलांची एक जुनी गाडी आहे, ब्रेक लागत नाहीत म्हणून पडून आहे." मी त्याला तारोडीचा पत्ता दिला आणि कागदावर नाव लिहिलं: जोआन मुनीस, टर्नर. आत एक मोठे मुनीस असतात, ते चहा करतात, असंही सांगितलं. भावजी, राग मानू नका.

टोइंगची गाडी रिकामी गेली. निकेत तिथेच उभा होता, चपलेने एक दगड इकडून तिकडे करत. शेवटी मी डाव्या बाजूचं दार आतून उघडलं आणि म्हटलं, "बस."

आम्ही फ्लायओव्हरवरून पश्चिमेला निघालो. तो सीटच्या टोकावर, एक हात दारावर, एक डॅशबोर्डवर. "आई, रिक्षा." "दिसली." "आई, गिअर." "टाकला." वर चढून गेलो आणि उतार सुरू झाला तसा त्याने उजवा पाय पुढे रोवला आणि जमिनीवर दाबून धरला. तिथे पेडल नाही हे त्याला माहीत आहे. मीही एकतीस वर्षं त्याच जागी, तसाच पाय दाबून बसले होते, म्हणून मी त्याला काही म्हटलं नाही. त्याला यांचं आणि बोंबलांचं सांगितलं. तो हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले, माझंही तेच चाललं होतं, पण मला समोर बघायचं होतं. पुढे सिग्नल लाल होता. मी हळूच ब्रेकवर पाय ठेवला, गाडी सावकाश मंदावत गेली आणि पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबली.

सहज खाली बघितलं, तर निकेतने पाय मागे घेतला होता.

तुमची,
उर्मिला